‘नको’चे बटण

२७ ऑक्टोबर, सोमवार

निवृत्तीनंतर मी दैनंदिनी बंद केली होती. लिहिण्यासारखे काही घडत नव्हते आणि न घडलेले लिहिण्याची मला सवय नाही. आता घडते आहे, म्हणून पुन्हा सुरू.

ऑगस्टमध्ये ह्यांना लकव्याचा झटका आला. हात-पाय महिन्याभरात सावरले. शब्द सावरले नाहीत. समोरचा बोलतो ते सगळे समजते, स्वतःला काय म्हणायचे तेही ठाऊक असते, पण शब्द ओठापर्यंत येतो आणि माघारी जातो. केळीच्या बागेतून गड्याला मारलेली हाक घरापर्यंत पोचवणारा माणूस आता फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. कोपऱ्यावरच्या ओट्यावर त्यांची मंडळी रोज संध्याकाळी जमतात. हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतात. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे की पहिले काही महिने महत्त्वाचे. बोलते करा, माणसांत न्या. मी बोलते करते आहे. माणसांत नेणे जमलेले नाही.

दिवाळीला आलेले मुलगा भूपेश आणि सून मयूरी आज पुण्याला परत गेले. सूनबाईची कंपनी शब्द शिकवण्याचे सॉफ्टवेअर बनवते. मूळचे लहान मुलांसाठी. आता तेच, शब्द हरवलेल्या मोठ्या माणसांसाठी करणार आहेत. ते एका टॅबलेटवर घालून तिने ह्यांच्या हाती दिले. त्यात चौदा सोयी आहेत. म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ होतो आणि साध्या फोनवर एवढे मावत नाही, म्हणून सहाच ठेवायच्या आहेत.

“आई, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. “तुमच्याइतक्या परीक्षा घेतलेलं माझ्या ओळखीत कोणी नाही.”

यात अतिशयोक्ती नाही.

सुरुवातीला यंत्र ‘शिकणाऱ्याचे नाव’ विचारते. मी ‘हे’ असे लिहिले. त्यामुळे आता रोज सकाळी ते म्हणते, “सुप्रभात, हे!” मयूरी फार हसली. जुन्या रूढी मी मानत नाही. मी त्या काळात शहाद्याहून एकटी धुळ्याला जाऊन बी.ए. केले आहे. ह्यांचे नाव मी घेत नाही कारण आजवर गरज पडली नाही, इतकेच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

चौदांपैकी एक सोय ह्यांनी पहिल्याच दिवशी आत्मसात केली. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल बटण आहे. ते दाबले की मयूरीच्या गोड आवाजात यंत्र म्हणते, “नको.”

उपमा देऊ का? नको. अंगणात फिरायचे का? नको. दुधीची भाजी? मी ताट ठेवायच्या आतच नको.

संध्याकाळी नवलभाऊ आले. हे दोघे शाळेपासूनचे मित्र. दारातूनच ओरडले, “—, घरमा शे का?” (ते नावाने हाक मारतात. मी इथे रेघ मारली आहे.) मग ह्यांच्यासमोर बसून म्हणाले, “चाल ना भाऊ, ओटावर. तुन्ही जागा रिकामी शे. तठे कोनी बठत नही.”

“नको,” मयूरी म्हणाली.

नवलभाऊ जरा वेळ टॅबलेटकडे बघत राहिले. मग हळूच मला विचारले, “वहिनी, सूनबाई पुनाले गयी ना?”

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोपट काढला.

उत्तर बरोबर आले की पडद्यावर एक हिरवा पोपट येऊन पंख फडफडवतो आणि ओरडतो, “अरे व्वा!” इथपर्यंत मी चालवून घेतले. पण उत्तर चुकले तरी तो येतो आणि म्हणतो, “छान प्रयत्न!” एकतीस वर्षांत मी चुकलेल्या उत्तराला छान म्हटलेले नाही. काल ह्यांनी वांग्याच्या चित्राला मुद्दाम ‘चप्पल’ निवडले, पोपट बघितला, पुन्हा ‘चप्पल’ निवडले, पुन्हा पोपट बघितला. खांदे हलत होते. हसत होते की काय, पाठमोरे असल्याने कळले नाही.

भिकुबाई आमच्याकडे धुणीभांडी करते. ती झाडू टाकून आली.

“बाई, तो पोपट कथा गया?”

“काढला.”

“काबर?”

“खोटे बोलतो म्हणून.”

“त्यानी तुमनं काय घोडं मारं व्हतं!” असे पुटपुटत ती गेली. मी ऐकले नाही असे दाखवले.

पोपट गेल्यापासून पाठ पूर्वीपेक्षा लवकर संपतो. उरलेला वेळ हे खिडकीबाहेर बघतात. एकाग्रता वाढलेली दिसते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओवर परीक्षा घेतली. कंगवा दाखवला, किल्ली दाखवली, पेला दाखवला. ह्यांनी ओठ हलवले, ‘कि’पर्यंत आले, थांबले. मग त्यांनी विचारले, “काका, बायकोचं नाव काय तुमच्या?”

हे आधी पंख्याकडे बघू लागले, मग जमिनीकडे. कान लाल झाले.

“पत्नीचं नाव सांगता येत नाही,” असे म्हणत त्यांनी काहीतरी टिपून घेतले. “शून्य.”

मी मध्ये पडले. म्हणाले, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. ते नाव ह्यांनी झटक्याच्या आधीही कधी घेतलेले नाही.

“मग ते तुम्हाला हाक कशी मारतात?”

“मारत नाहीत. खोकतात.”

“खोकतात?”

“चहाचा खोकला वेगळा, जेवणाचा वेगळा, पाहुणे आल्याचा वेगळा. मला सगळे ओळखू येतात.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडद्यावरून बाजूला गेला. नेट अडकले असावे. परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. शून्य मात्र खोडले नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज ‘क्रमांक’ नावाची सोय पाहिली. हे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या सगळ्यांची त्यात क्रमवारी लागते. ह्यांचा नंबर शेवटून दुसरा. शेवटचे एक गृहस्थ सांगलीचे आहेत. मयूरीकडे चौकशी केली. त्यांनी यंत्र घेतल्यापासून उघडलेलेच नाही.

मुख्याध्यापिकेच्या घरात शेवटून दुसरा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी हे झोपले असताना, यंत्र नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी मी काही शब्द सोडवले. तपासणी अर्धवट राहू नये म्हणून थोडे जास्त सोडवले. हे पहिल्या क्रमांकावर आले. यंत्र नीट चालते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सकाळी मयूरीचा फोन. “आई! पप्पांनी काल एका दुपारी तीनशे शब्द सोडवले! एकही चूक नाही! ‘अधिष्ठाता’सुद्धा! आमचे सर म्हणाले, हे सगळ्यांना दाखवू या!”

“थांब,” मी म्हणाले. “त्यातले काही मी सोडवले.”

“किती, आई?”

“बरेच.”

“किती?”

“सगळे.”

मग ती एवढेच म्हणाली, “सांगलीवाल्या काकांनी काल उघडलं बरं का. आता पप्पा खरं तर शेवटचे आहेत.”

निर्णय: ‘क्रमांक’ ही सोय काढून टाकावी. स्पर्धेने माणूस बिघडतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बक्षिसाची नाणी काढली, टाळ्या काढल्या, पळते घड्याळ काढले. घड्याळ मला आवडले होते, पण ते टिकटिकू लागले की हे यंत्र पालथे घालतात.

ह्यांची गाडी ‘प्राणी’ या पाठावर अडकली आहे. भाज्या नाहीत, भांडी नाहीत, नाती नाहीत, सारखे प्राणी. त्यातही घोडा. बोट लावतात, यंत्र ‘घोडा’ म्हणते, हे ऐकतात, पुन्हा बोट लावतात. तो शब्द फारच कठीण जात असणार. मी ‘घोडा, घोड्याचा, घोड्याला’ असे सगळे त्यांच्याकडून तासभर गिरवून घेतले. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. ‘घो’ म्हणालेसुद्धा, दोनदा.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार. हे आणि नवलभाऊ लग्नाआधीपासून दरवर्षी जातात. दिवसभर घोडे बघतात, दात मोजतात, व्यापाऱ्याबरोबर रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. शेजारच्याला कळू नये म्हणून रुमालाखाली बोटांनीच सांगायचा. सौदा अगदी तुटायला आला की हे म्हणतात, “नही परवडत,” आणि रुमाल झटकून निघतात. घोडा कधी घेतला नाही. एकदा फार वर्षांपूर्वी मला विचारले होते. मी नाही म्हणाले होते. विषय तिथेच संपला.

यंदा जाणे शक्यच नाही. मी यात्रेचे नावही काढलेले नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

‘नको’चे बटण काढले. कारण लिहून ठेवते.

सकाळी मी ह्यांना आळसाचे तोटे समजावून सांगत होते. मुद्दा अर्ध्यावर असताना ह्यांनी हात लांब केला आणि बटण दाबले. “नको,” सूनबाई म्हणाली. भिकुबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली आणि मोरीतून बराच वेळ परत आली नाही.

मयूरीला फोन केला. तिने विरोध केला. “आई, ज्याला बोलता येत नाही त्याला निदान नको तरी म्हणता आलं पाहिजे. हेच तर आम्ही सगळ्यात आधी ठेवणार होतो.”

मी तिला सांगितले की मुलींच्या शाळेत मी हजारो नको ऐकले आहेत. गणित नको, खो-खो नको, वसतिगृह नको. ज्यांचे ऐकले नाही त्यांच्यातली एक आज तलाठी आहे. तरी निर्णय एकतर्फी नसावा, म्हणून ह्यांचेही मत विचारले. “हे बटण काढायचे आहे. तुमचे म्हणणे काय?”

ह्यांनी बटण दाबले. “नको.”

म्हणजे बटण नको. ठराव एकमताने मंजूर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

परिणाम उत्तम. बटण गेल्यावर शेजारचे ‘हो’ सरकून त्याच कोपऱ्यात आले आहे. ह्यांचे बोट सवयीने तिथेच जाते.

“दुधीची भाजी वाढू?” “हो.”

पहिल्या दिवशी ह्यांनी भाजीकडे, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे असे पाहिले. पण खाल्ली. उपमाही खाल्ला. औषध वेळेवर. अंगणात फिरणे वेळेवर. नवलभाऊंनी सहज विचारले, “चहा पिशी का भाऊ?” हो. घोटभर पिऊन झाल्यावर पुन्हा विचारले. हो. तिसऱ्यांदाही हो. तिसऱ्या वेळी ह्यांनी नवलभाऊंकडे बघून डोळा मिचकावल्यासारखे वाटले. उजवा डोळा झटक्यापासून जरा लवतोच.

नको म्हणण्याची सोयच नसेल तर माणूस किती सरळ वागतो!

२९ नोव्हेंबर, शनिवार

हे आपणहून परसात गेले. गुरे विकल्यापासून गोठ्यात ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी पडली होती. गड्याला खुणा करून ती बाहेर काढवली, गोठा झाडून घेतला, गव्हाणीला चुना लावून घेतला. स्वतः उभे राहून. व्यायाम म्हणून छान. मी आडकाठी केली नाही.

भिकुबाई म्हणाली, “बाई, गोठा काबर साफ करी ऱ्हायनात? ढोरे तं शेतस कोठे?”

मी म्हणाले, स्वच्छतेला ढोरे कशाला लागतात?

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

सकाळी दहाच्या सुमारास नवलभाऊ गाडी घेऊन आले. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, “वहिनी, त्यानाशिवाय कसा जाऊ? विचारी तं दखतो. नको म्हनना तं एकलाच जासू.” मग ह्यांच्यापुढे बसले. “भाऊ, यात्राले येस का?”

ह्यांनी कोपरा दाबला. “हो.”

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हणाले, “नवलभाऊ, ती यंत्राची चूक आहे. बटण जागेवरून सरकले आहे. त्यांना नको म्हणायचे आहे.” आणि ह्यांना विचारले, “नको म्हणायचे आहे ना?”

“हो,” मयूरी म्हणाली.

आता याचा अर्थ काय लावायचा? मी विचार करत होते तोवर हे उठून आत गेले आणि आले ते धोतर, टोपी, नवा कोरा रुमाल अशा थाटात. रुमाल कधी काढून ठेवला होता कोण जाणे. यंत्र गळ्यात अडकवले आणि फाटकाबाहेर गेले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. ओट्यावरची माणसे उठून उभी राहिली.

औषधाची गोळी नवलभाऊंच्या खिशात घातली आणि बजावले की गर्दीत नेऊ नका, तेलकट खाऊ घालू नका, पाचच्या आत घरी आणा.

आता सहा वाजले आहेत. आलेले नाहीत.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल साडेसहाला आले. आधी गाडी आली. तिच्यामागे एक पिकअप. पिकअपमध्ये एक घोडी.

पंचकल्याणी म्हणतात तशी. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. गळ्यात घुंगरांची माळ. ती मागचे पाय आधी टाकत उतरली आणि थेट गोठ्यात जाऊन गव्हाणीपाशी उभी राहिली. जणू पत्ता विचारून आली होती.

मी नवलभाऊंना अंगणात उभे केले.

“वहिनी, मी काहीच नही करं. मी नुसता उभा व्हतू.”

“मग काय झाले ते क्रमाने सांगा.”

“यापारीनी रुमाल टाका. ह्यानी बोटे धरात. दरसाल धरतस तसाच. मी म्हनं, गंमत चाली ऱ्हायनी. आते म्हनी, ‘नही परवडत’. तर यापारीनी विचारं, ‘पक्का, सेठ?’ आनि ह्यानी...” त्यांनी स्वतःच्या छातीवर, जिथे यंत्र लटकते तिथे, बोट दाबून दाखवले. “‘हो.’ असं खणखणीत. सूनबाईनं बोलनं सगळा बजारनी ऐकं. लोके टाळ्या वाजाडाले लागनात.”

“तुम्ही थांबवले का नाही?”

“कोनले? सूनबाईले?”

भाव किती ठरला म्हणून विचारले, तर नवलभाऊ म्हणाले, तो रुमालाखाली होता. ह्यांना विचारले, तर हे वर पंख्याकडे बघायला लागले. अंगणात पंखा नाही.

मयूरीला फोन लावला. मला वाटले, हसेल. ती हसली नाही. “आई, हेच म्हणत होते मी. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून लोक काहीही करून घेतील. आज घोडी आहे. उद्या कोणी कागदावर सही मागेल. बटण परत टाकू का?”

मी टाक म्हणाले. ती बरोबर होती. मला रात्रभर तोच विचार येत होता. व्यापाऱ्याने ह्यांच्या गळ्यातले यंत्र पाहिले असेल, माणूस अडकला आहे हे त्याला कळले असेल, आणि मी बटण काढून बसलेले. सकाळी व्यापाऱ्याला फोन केला. भला माणूस आहे. म्हणाला, यात्रा उठेपर्यंत घोडी परत आणा, सगळा व्यवहार मागे घेतो. सेठला फसवायचे नव्हते.

हे दिवसभर गोठ्यात आहेत. घोडीला खरारा करताहेत. तोंडाने काहीतरी आवाज काढतात. घो, घो. कीव आली.

७ डिसेंबर, रविवार

दुरुस्ती आली. लाल बटण पुन्हा आपल्या कोपऱ्यात.

मी ह्यांना अंगणात खुर्चीवर बसवले. साक्षीला नवलभाऊ आणि भिकुबाई. पिकअपवाला दाराशी. घोडी गोठ्यातून मान काढून बघत होती. यंत्र ह्यांच्या हातात दिले, बटण दाखवले, एकदा दाबूनही दाखवले.

“आता नीट ऐका,” मी म्हणाले. “चूक तुमची नाही. बटण मी काढले होते, त्यामुळे तुम्हाला नको म्हणता आले नाही. आता ते परत आले आहे. कोणी रागावणार नाही. घोडी परत पाठवायची ना?”

हे बटणाकडे बघत राहिले. बोट त्याच्यावर नेले. आणि मग बोट काढले, यंत्र उचलले, माझ्या हातात दिले.

“न,” हे म्हणाले.

घोडीने कान टवकारले.

“नही.”

भिकुबाई मटकन खाली बसली. मी एकाच उत्तरावर कधी निकाल देत नाही, म्हणून पुन्हा विचारले, “घोडी परत पाठवायची का?”

“नही,” हे म्हणाले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, घाम आला होता, पण थांबले नाहीत. “मन्ही शे.”

नवलभाऊ गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून रडायला लागले. पिकअपवाल्याला मी परत जायला सांगितले. मला उन्हाने डोळ्यांना त्रास होतो, म्हणून जरा आत जाऊन आले.

उच्चार स्पष्ट. भाषा प्रमाण नाही, ‘माझी आहे’ हवे होते. दहापैकी नऊ, एक गुण उद्धटपणाचा वजा.

८ डिसेंबर, सोमवार

मयूरीला सहा सोयी कळवल्या. चित्र पाहून शब्द. शब्द ऐकून चित्र. अडल्यावर पहिले अक्षर सांगणे. घरच्या माणसांचे फोटो. त्यात घोडीचाही घालावा, ह्यांचा पाठ तिथूनच सुरू होतो. नको. आणि सहावी सोय पोपट. भिकुबाईचा फारच आग्रह पडला. मात्र चुकल्यावर त्याने गप्प राहावे, ही माझी अट.

मयूरीने विचारले, नकोच्या बटणात पप्पांचाच आवाज भरू या का. ह्यांना यंत्रासमोर बसवून ‘नको’ म्हणायला लावले. प्रत्येक वेळी ‘नही’ म्हणाले. शेवटी ‘नही’च भरले.

मी त्यांना विचारले, घोडी मुद्दाम घेतली की चुकून. हे पंख्याकडे बघायला लागले. या वेळी पंखा होता.

संध्याकाळी हे घोडीला घेऊन फाटकाबाहेर पडले, ओट्याच्या दिशेने. गोळी घ्यायची राहिली होती. मी फाटकात येऊन “अहो!” म्हटले. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर चालला होता, घुंगरे वाजत होती. ह्यांना ऐकू गेले नाही. ओट्यावरच्या निम्म्या माणसांनी मात्र आपापल्या घराकडे वळून पाहिले. मी पुन्हा “अहो” म्हटले. पुन्हा तेच सगळे वळले. ट्रॅक्टर जवळ येत होता, घोडी बुजली तर काय, आणि गोळी माझ्या मुठीत विरघळायला लागली होती.

“मोतीलाल!”

प्रार्थनेच्या रांगा सरळ करायला वापरायचे तो आवाज. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर थांबवला. घोडी थांबली. ओट्यावर नवलभाऊंच्या हातातली तंबाखू सांडली. शेजारच्या दारांतून बायका बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून परत आत गेल्या.

हे वळले. मी गोळी हातात धरून उभी. चेहराभर हसू पसरले, झटक्याने वाकडी झालेली बाजूसुद्धा जरा वर गेली. ओठ हलायला लागले. मला वाटले, आता माझे नाव घेणार. डॉक्टरीणबाईंचे शून्य खोडले जाणार, आणि तेही सगळ्या गावासमोर.

हे खोकले.

चहाचा खोकला होता तो. ओट्यावर होते तेवढ्या सगळ्यांचा चहा आणि ती गोळी भिकुबाईबरोबर पाठवली.

मयूरीला आणखी एक कळवायचे राहिले. शिकणाऱ्याच्या नावात दुरुस्ती करावी.